लिव्हरच्या ओपीडीतली प्रश्नावली: कोणती घ्यावी, कशी भरून घ्यावी, आकडा कसा वाचावा

प्रश्न असा आहे: यकृताच्या जुनाट आजाराच्या ओपीडीत रुग्णांकडून त्यांच्या त्रासाबद्दलची प्रश्नावली भरून घ्यायला सुरुवात करायची आहे. कोणती प्रश्नावली निवडावी, किती वेळा घ्यावी आणि आलेल्या गुणांचं नेमकं करायचं काय?

सुरुवात शेवटच्या भागापासून करायला हवी, कारण बहुतेक ठिकाणी गाडी तिथेच अडते. ज्या उत्तरावर त्याच दिवशी कुणी काही करणार नाही, तो प्रश्न रुग्णाला विचारू नये. रुग्ण खाजेपुढे ‘सतत’ अशी खूण करतो, आत गेल्यावर डॉक्टर बिलिरुबिन (काविळीचा रक्तातला आकडा) बघून “रिपोर्ट चांगले आहेत, सहा महिन्यांनी या” म्हणतात, आणि तो कागद फाइलच्या मागे जातो. पुढच्या खेपेला तोच रुग्ण सगळ्या प्रश्नांना मधल्या चौकटीत खुणा करून दोन मिनिटांत कागद परत देतो. त्याने आळस केलेला नसतो. आपलं लिहिलेलं कुणी वाचत नाही, हे त्याला कळलेलं असतं.

प्रश्नावलीची गरज का पडते, तेही थोडक्यात. यकृताचा आजार किती गंभीर आहे हे ठरवणाऱ्या चाइल्ड-पू वर्गवारीत बिलिरुबिन, अल्ब्युमिन (यकृतात बनणारं प्रथिन), आयएनआर (रक्त गोठण्याची चाचणी), जलोदर (पोटात पाणी होणं) आणि एन्सेफॅलोपॅथी (यकृताच्या आजाराचा मेंदूवर होणारा परिणाम) या पाच गोष्टी येतात. मेल्ड स्कोअर, हाही गंभीरपणाचाच आकडा, तर मुख्यतः रक्ताच्या आकड्यांवरच उभा आहे. खाज, थकवा, रात्री पायात येणारे गोळे, उलटसुलट झालेली झोप, पुढं काय होणार याची धास्ती, यातलं या दोन्हींत काहीच नाही. शिवाय हे त्रास आजाराच्या पायरीप्रमाणे वाढतातच असं नाही. प्रायमरी बिलियरी कोलँजायटिस, म्हणजे पीबीसी या यकृतातल्या बारीक पित्तनलिका खराब करणाऱ्या आजारात, थकव्याचा आजाराच्या टप्प्याशी फारसा मेळ बसत नाही. रिपोर्ट जवळजवळ नॉर्मल असलेली रुग्ण दुपारनंतर उभी राहू शकत नाही, असं होऊ शकतं. तिला विचारल्याशिवाय हे कळायला दुसरा मार्ग नाही.

आता निवड. जुनाट यकृतविकारात सगळ्यात जास्त वापरली जाते ती सीएलडीक्यू (क्रॉनिक लिव्हर डिसीज क्वेश्चनेअर). ती १९९९ साली प्रसिद्ध झाली. २९ प्रश्न, सहा गट: पोटाच्या तक्रारी, थकवा, शारीरिक लक्षणं, हालचाल व कामं, भावनिक स्थिती आणि चिंता. प्रत्येक प्रश्न मागच्या दोन आठवड्यांबद्दल असतो आणि उत्तर १ ते ७ मध्ये द्यायचं असतं. १ म्हणजे त्रास सतत, ७ म्हणजे अजिबात नाही. फॅटी लिव्हरच्या रुग्णांसाठी तिचीच ३६ प्रश्नांची वेगळी आवृत्ती आहे. पीबीसीसाठी पीबीसी-४० घ्यावी; तीत नावाप्रमाणे ४० प्रश्न आहेत आणि खाज, थकवा, स्मरण-एकाग्रता यांना स्वतंत्र गट दिलेले आहेत. एसएफ-३६ आणि ईक्यू-५डी या कोणत्याही आजारासाठी चालणाऱ्या प्रश्नावल्या. वेगवेगळ्या आजारांची तुलना करायची असेल किंवा उपचारखर्चाचा अभ्यास करायचा असेल, तर त्या हव्यातच. पण ईक्यू-५डीचे पाच विषय म्हणजे चालणं-फिरणं, स्वतःचं आवरणं, रोजची कामं, वेदना आणि चिंता-उदासी. त्यात ना खाज आहे, ना थकवा. कोलेस्टॅटिक, म्हणजे पित्ताचा प्रवाह अडणाऱ्या, आजाराच्या रुग्णाला फक्त ती देणं म्हणजे त्याचा मुख्य त्रास न विचारण्यासारखं आहे.

रोजच्या ओपीडीसाठी माझा सल्ला सरळ आहे: एक आजाराची प्रश्नावली, तिच्याबरोबर मागच्या २४ तासांतली सर्वात वाईट खाज ० ते १० मध्ये विचारणारा एक प्रश्न, आणि नैराश्यासाठी पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली. एवढंच. चार-चार प्रश्नावल्या एकत्र दिल्या, तर शेवटची भरताना रुग्ण वाचतही नाही.

गुण कसे काढायचे हे वरवर सोपं आहे आणि नेमकी तिथेच फसगत होते. सीएलडीक्यूमध्ये गटातल्या उत्तरांची सरासरी हा गटाचा गुण. शारीरिक लक्षणांच्या गटात पाच प्रश्न येतात: अंगदुखी, धाप, पायात गोळे, तोंडाला कोरड आणि खाज. समजा रुग्णाने अनुक्रमे ६, ७, ६, ६ आणि १ असं लिहिलं. बेरीज २६, सरासरी ५.२. सातपैकी ५.२ बघून कुणीही म्हणेल, ठीक चाललंय. पण या माणसाला खाज सतत आहे. आता औषध सुरू केलं आणि दोन महिन्यांनी खाजेचं उत्तर १ वरून ३ वर आलं, बाकी सगळं तसंच. बेरीज २८, सरासरी ५.६. फरक ०.४. सीएलडीक्यूत साधारण ०.५ चा बदल रुग्णाच्या दृष्टीने अर्थपूर्ण धरला जातो, म्हणजे आकड्याच्या हिशोबात काहीच सुधारलं नाही. प्रत्यक्षात त्या माणसाला काही रात्री तरी सलग झोप लागायला लागलेली असते.

म्हणून ओपीडीत एकूण गुण शेवटी बघावा. आधी बघायचं ते १ किंवा २ लिहिलेलं प्रत्येक उत्तर, मग सगळ्यात खालचा गट, मग मागच्या भेटीशी तुलना. नोंद ठेवतानाही नुसता एकूण गुण लिहून कागद टाकून देऊ नये; २९ च्या २९ उत्तरं साठवावीत. नंतर हवा तो आकडा त्यातून काढता येतो, उलट्या दिशेने जाता येत नाही.

०.५ हा उंबरठा मुळात अनेक रुग्णांच्या सरासरीतून आलेला आहे. एकाच रुग्णाच्या बाबतीत मोजमापातली चूक त्याहून मोठी असू शकते, विशेषतः तीन प्रश्नांच्या छोट्या गटात. तिथे एका प्रश्नाचं उत्तर दोन पायऱ्यांनी हललं, की गट ०.६७ ने हलतो. एका भेटीतल्या घसरणीवरून उपचार बदलण्याआधी रुग्णाशी बोला. सलग दोन भेटींत तीच दिशा दिसली, तर ती खरी धरा. कोरा सोडलेला प्रश्न असेल, तर गटातली निम्म्याहून जास्त उत्तरं हातात असताना उरलेल्यांची सरासरी घ्यायची, नाहीतर त्या गटाचा गुण काढायचाच नाही. हा सर्वसाधारण प्रघात आहे. तुमच्या प्रश्नावलीच्या पुस्तिकेत वेगळा नियम दिला असेल, तर तो पाळा. कोऱ्या जागी शून्य भरणं ही सगळ्यात वाईट चूक. सीएलडीक्यूत शून्य नावाचं उत्तरच नाही.

दोन गोष्टी भिंतीवर लिहून लावाव्यात इतक्या वेळा चुकतात. पहिली, दिशा. सीएलडीक्यू आणि एसएफ-३६ मध्ये जास्त गुण म्हणजे तब्येत चांगली; पीबीसी-४०, पीएचक्यू-९ आणि खाजेचा आकडा यांत जास्त गुण म्हणजे त्रास जास्त. एकाच तक्त्यात हे शेजारी-शेजारी ठेवले आणि वर-खाली बाण काढले, तर गोंधळ ठरलेला. तक्त्यात बाणाऐवजी ‘सुधारणा’ किंवा ‘बिघाड’ असा शब्दच लिहावा. दुसरी, कालावधी. ईक्यू-५डी आजचं विचारते, सीएलडीक्यू दोन आठवड्यांचं, पीबीसी-४० चार आठवड्यांचं. खाजेचं औषध सुरू होऊन दहा दिवस झाले असताना पीबीसी-४० दिली, तर उत्तरात औषधापूर्वीचे जवळजवळ अडीच आठवडे मिसळलेले असतात. अशा वेळी २४ तासांचा ० ते १० आकडाच कामाचा.

आता मराठी रुग्णापुढे हे सगळं येतं तेव्हा शब्दांचा प्रश्न उभा राहतो, आणि तो मला या सगळ्यात सर्वात महत्त्वाचा वाटतो. सीएलडीक्यूच्या थकव्याच्या गटात पाच वेगळे प्रश्न आहेत: दमल्यासारखं वाटणं, दिवसा झोप येणं, ताकद कमी होणं, उत्साह कमी होणं आणि गुंगी किंवा पेंग येणं. घाईत केलेल्या भाषांतरात यातले तीन प्रश्न ‘थकवा’ आणि ‘अशक्तपणा’ या दोनच शब्दांत आलटून-पालटून येतात. रुग्ण म्हणतो, हे तर आत्ताच लिहिलं, आणि तेच उत्तर पुन्हा भरतो. गटाची सरासरी मग एकाच उत्तराची सरासरी होते. ‘अशक्तपणा’ या शब्दाचा आणखी एक घोळ आहे: पुष्कळ लोकांना त्याचा अर्थ रक्त कमी असणं असा लागतो. दमणूक, ताकद, उत्साह, दिवसाची झोप आणि पेंग यांचे शब्द वेगळेच ठेवायला हवेत. ‘काळजी’ हा शब्दही असाच दोन तोंडांचा. “तुम्ही आजाराची किती काळजी करता?” असं विचारलं, तर पथ्य काटेकोर पाळणारा माणूस अभिमानाने ‘सतत’ लिहितो. त्याला वाटतं, काळजी घेता का असं विचारलंय. “आजाराबद्दल मनात किती धास्ती वाटते?” हे त्यापेक्षा सरळ. ‘पोट फुगणं’ कुणी गॅस म्हणून वाचतो, कुणी पोटात पाणी होणं म्हणून. उत्तरांच्या पायऱ्यांतही ‘बहुतेक वेळ’ आणि ‘बराच वेळ’ भराभर वाचताना सारखेच वाटतात, म्हणून प्रत्येक पायरीशेजारी आकडा छापलेला असावा. आणि ‘यकृत’पेक्षा ‘लिव्हर’ हा शब्द रुग्णांना चटकन कळतो.

याचा अर्थ मनाला येईल तसे शब्द बदलावेत असा नाही. आधी प्रश्नावलीच्या मालकांकडे किंवा परवाना देणाऱ्या संस्थेकडे अधिकृत मराठी आवृत्ती आहे का, ते विचारा. बऱ्याच प्रश्नावल्यांना परवानगी किंवा नोंदणी लागते, आणि काही ठिकाणी पैसेही. आवृत्ती नसेल, तर रीत ठरलेली आहे: दोघांनी स्वतंत्र भाषांतर करायचं, दोन्ही एकत्र बसून जुळवायची, मूळ न पाहिलेल्या तिसऱ्याने ते परत मूळ भाषेत न्यायचं, तफावती सोडवायच्या, आणि मग पाच ते आठ रुग्णांसमोर प्रत्येक प्रश्न ठेवून “हे तुमच्या शब्दांत सांगा” असं म्हणायचं. काळजी आणि धास्तीचा फरक या शेवटच्या पायरीवर सापडतो, आधी सापडत नाही. ही पायरी गाळली, तर आधीच्या सगळ्या मेहनतीचा भरवसा राहत नाही.

भरून कधी घ्यायची? डॉक्टरांना भेटण्याआधी, पंधरा-वीस मिनिटं हातात असताना. भेटीनंतर घेतली, तर ताज्या रिपोर्टचा आनंद किंवा धक्का उत्तरात उतरतो. जलोदराच्या रुग्णाच्या पोटातलं पाणी काढल्याचा दिवस कागदावर नोंदवा. पाणी काढल्याच्या दुसऱ्या दिवशी आणि पुन्हा पोट तट्ट फुगल्यावर दिलेली उत्तरं एकाच रुग्णाची असली, तरी त्यांची तुलना होत नाही. शक्यतो दर वेळी त्याच चक्रातल्या त्याच टप्प्यावर घ्या.

कुणी भरायची? रुग्णाने स्वतः. नातेवाईक शेजारी बसून “अहो, तुम्हाला कुठं एवढा त्रास होतो?” म्हणाले, की भावनिक गटातली उत्तरं बदललीच म्हणून समजा. उलटही होतं: घरचे लोक त्रास वाढवून सांगतात, कारण डॉक्टरांनी लक्ष द्यावं असं त्यांना वाटतं. दोन्ही मनापासूनच असतं, पण ते रुग्णाचं उत्तर नव्हे. नातेवाइकांचं म्हणणं हवं असेल, तर वेगळ्या कागदावर आणि तसा शेरा मारून घ्या. वाचता येत नसेल, तर सिस्टर किंवा समुपदेशकाने प्रश्न जसाच्या तसा वाचायचा, सगळे पर्याय वाचायचे, अर्थ विचारला तर प्रश्न पुन्हा वाचायचा. “म्हणजे थोडासाच ना?” असं एक वाक्य उत्तर ढकलायला पुरतं. वाचून घेतली की स्वतः भरली, हे दर वेळी नोंदवा, आणि एकाच रुग्णाची पद्धत भेटीगणिक बदलू नका. माणसासमोर लोक उदासी आणि दारू या दोन्हींबद्दल कमी सांगतात.

सिरोसिसच्या, म्हणजे यकृतात व्रण होऊन ते कडक झालेल्या, रुग्णात कागद हातात पडल्यावर आणखी एक गोष्ट बघायची असते. सगळ्या प्रश्नांना एकाच रांगेत सरळ खुणा, दोन्ही टोकांची परस्परविरोधी उत्तरं, अर्ध्यावर थांबलेला हात, दहा मिनिटांच्या कामाला चाळीस मिनिटं. हे कंटाळ्याने होतं तसंच सुरुवातीच्या, वरून न दिसणाऱ्या एन्सेफॅलोपॅथीनेही होतं. अशा वेळी रुग्णाला ६० सेकंदांत जमतील तेवढ्या प्राण्यांची नावं सांगायला सांगा. दहापेक्षा कमी आली, तर संशय पक्का धरून पुढची तपासणी करा. वय आणि शिक्षण यांचा या चाचणीवर परिणाम होतो, एवढं मात्र ध्यानात ठेवा. शौच किती वेळा होते ते विचारा: लॅक्टुलोज हे एन्सेफॅलोपॅथीवरचं औषध घेणाऱ्याला दिवसातून दोन-तीन वेळा मऊ शौच व्हायला हवी. त्या दिवशीचे गुण तक्त्यात टाकू नका, पण कागद जपून ठेवा. त्याने एक निदान हातात दिलेलं असतं.

पीएचक्यू-९ वाचताना यकृताच्या रुग्णात एक सापळा आहे. नऊपैकी झोप, थकवा, भूक, एकाग्रता आणि हालचालींतली मंदता हे पाच प्रश्न थेट यकृताच्या आजाराचेही आहेत. या पाचांना प्रत्येकी २ गुण मिळाले, की बेरीज १० होते, आणि १० हा मध्यम नैराश्याचा उंबरठा आहे. त्या माणसाचं मन मुळीच उदास नसू शकतं. म्हणून पहिला प्रश्न, कशात रस न वाटणं, आणि दुसरा, खिन्न वाटणं, हे दोन आधी वाचा. नववा प्रश्न, मरून जावं किंवा स्वतःला इजा करावी असे विचार येण्याचा, याला शून्याशिवाय काहीही उत्तर असेल, तर एकूण गुण कितीही असोत, रुग्णाशी त्याच दिवशी, घरी जाण्याआधी बोलायलाच हवं. ते कोण बोलणार आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे कसं पाठवणार, हे नाव घालून ठरलेलं नसेल, तर पीएचक्यू-९ वाटायला सुरुवातच करू नका. कागद पेटीत टाकायची पद्धत या प्रश्नावलीला चालत नाही.

आता उत्तरावरून कृती. कोलेस्टॅटिक रुग्णात खाज नव्याने वाढली असेल, तर आधी पित्तनलिकेत अडथळा नाही ना, ते सोनोग्राफीने पाहा. मग कोलेस्टायरामिन हे खाजेचं औषध. ते आणि अर्सोडीऑक्सिकोलिक आम्ल, म्हणजे पीबीसीचं नेहमीचं औषध, यांत चार तासांचं अंतर हवं, नाहीतर कोलेस्टायरामिन त्या दुसऱ्या औषधाला आतड्यातच धरून ठेवतं. “औषध लागू पडलं नाही” असं म्हणण्याआधी रुग्ण दोन्ही एकत्र घेत नाही ना, हे विचारावं. बहुतेक वेळा कुणी विचारलेलंच नसतं. त्याने भागलं नाही, तर रिफॅम्पिसिन, पण त्यामुळे यकृतालाच इजा होऊ शकते, म्हणून लिव्हर फंक्शनवर लक्ष ठेवून. कशानेच न थांबणारी खाज हे प्रत्यारोपणाचा विचार करण्याचं मान्य कारण आहे, आणि मेल्ड कमी असलेल्या रुग्णाच्या बाबतीत तर वर्षभराच्या ओळीने ठेवलेल्या नोंदी हाच बोलका पुरावा असतो.

थकव्याला एक औषध नाही. हिमोग्लोबिन, थायरॉइड, सोडियम, झोप, मनःस्थिती, बीटा-ब्लॉकर (नाडी मंद करणारी गोळी) याचा डोस, स्नायूंची झीज, हे क्रमाने बघायचं आणि दुरुस्त होण्यासारखं दुरुस्त करायचं. पीबीसीच्या रुग्णाला स्पष्ट सांगावं, की अर्सोडीऑक्सिकोलिक आम्ल आजाराची वाटचाल थोपवण्यासाठी आहे, त्याने थकवा कमी होत नाही. हे न सांगितल्यामुळे रुग्ण उपयोग नाही म्हणून चांगलं औषध बंद करतात. पायात गोळे येत असतील, तर आधी लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांचा डोस आणि सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम तपासा. दिवसा झोप आणि रात्री जाग असेल, तर झोपेची गोळी लिहिण्याआधी एन्सेफॅलोपॅथीचा विचार करा. सिरोसिसमध्ये बेन्झोडायझेपिन वर्गातल्या झोपेच्या गोळ्यांनी एन्सेफॅलोपॅथी उघड होऊ शकते.

किती वेळा? स्थिर सिरोसिसमध्ये सहा महिन्यांनी कर्करोगासाठी सोनोग्राफी होतच असते, त्याच भेटीला बांधा. जलोदर, रक्तस्राव किंवा एन्सेफॅलोपॅथी होऊन गेलेल्यांना दर भेटीला, पण छोटा संच. नवं औषध सुरू केलं, तर आधी एकदा आणि परिणाम दिसायला हवा तेव्हा एकदा. लांब चालणाऱ्या नोंदींत एक गोष्ट जाणवेल: प्रकृती खालावत असतानाही काही रुग्णांचे गुण स्थिर राहतात. माणूस आपल्या त्रासाला सरावतो आणि ‘ठीक’ या शब्दाचं त्याचं मोजमापच बदलतं. तिथे “मागच्या वर्षी करत होता, पण आता सोडून दिलं असं कोणतं काम आहे?” हा एक प्रश्न तोंडी विचारा.

सुरुवात वीस रुग्णांपासून करा, महिनाभर. तीनच गोष्टी मोजा: किती कागद पूर्ण भरले गेले, कोणता प्रश्न सगळ्यात जास्त वेळा कोरा राहिला, आणि किती कागदांवर डॉक्टरांच्या हस्ताक्षरात एक तरी ओळ आहे. कागद पाठपोट छापलेला असेल, तर मागची बाजू कोरी येणारच. एका बाजूला छापा आणि परत घेताना सिस्टरने दोन्ही पानं उलटून बघावीत. तिनेच सीएलडीक्यूतली १ आणि २ ची उत्तरं आणि पीएचक्यूचा नववा प्रश्न लाल गोल करून कागद फाइलच्या वर ठेवावा. मग डॉक्टरांचा पहिला प्रश्न “कसं काय?” असा न येता “खाज सतत आहे असं लिहिलंय तुम्ही, रात्री झोपेतून उठवते का?” असा येतो.